बूमवाल्याचा सोमवार

पहाटे ५:३०. पार्सलची गाडी अजून बायपासलाच आहे, आणि आजच्या अंकाची पीडीएफ मात्र तालुक्यातल्या सगळ्या ग्रुपवर येऊन पडलीय. कुणीतरी उदार माणूस रोज भल्या पहाटे झाडून सगळ्या दैनिकांच्या पीडीएफ टाकतो. तो कोण, हे कुणाला माहीत नाही आणि त्याला थांबवावं असंही कुणाला वाटत नाही. मी जिल्ह्याच्या एका दैनिकाचा तालुका प्रतिनिधी, आणि त्याच दैनिकाची एजन्सीही माझ्याकडेच. म्हणजे बातमी मीच द्यायची, गठ्ठा मीच सोडायचा, वसुली मीच करायची आणि महिनाअखेर अंकांचं बिलही मीच भरायचं. पगार नाही. मिळतं ते जाहिरातीवरचं कमिशन. १५ ऑगस्ट, २६ जानेवारी, दिवाळी आणि पुढाऱ्यांचे वाढदिवस हे आमचे सुगीचे दिवस. पुरवणीचं टार्गेट वरून येतं. ते पुरं करायला ज्यांच्या ओट्यावर जाऊन बसायचं, त्यांच्याविरुद्धच उरलेलं वर्ष लिहायचं असतं.

ही ओढाताण मोबाइलच्या आधीपासूनची आहे. बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ ला ‘दर्पण’ काढलं, म्हणून आमचा पत्रकार दिन त्या तारखेला. त्या दिवशी तालुक्याला शाल, श्रीफळ आणि डायरी मिळते. दुसऱ्या दिवशी शाल देणाऱ्याचा माणूस फोन करून विचारतो, ‘फोटो किती कॉलम लावला?’

यातून सुटायचं म्हणून मी यूट्यूब चॅनेल काढलं. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं आणि बघता बघता वस्तीवरच्या म्हाताऱ्याच्या हातातही नेट आलं. चॅनेलला छपाई नाही, कागद नाही, वर संपादक नाही. लोगो लावलेला बूम माइक हातात घेतला की झाला माणूस पत्रकार. हजार सबस्क्रायबर आणि चार हजार तासांचं बघणं झालं की जाहिरातीचे पैसेही सुरू होतात, तेही डॉलरच्या हिशोबात. मालक कुणी नाही, हे तेव्हा फार आवडलं होतं. मालक नाही म्हणजे वकीलही नाही, हे पहिली नोटीस आल्यावर कळतं.

सकाळी ७:००. घरोघरी अंक टाकून झाले की चहा आणि ग्रुप. तालुक्याच्या नावाचे माझे ग्रुप ‘फक्त अॅडमिन’ करून ठेवलेत. त्यावर लोक चिडतात, चिडू देत. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला, मुलं पळवणारी टोळी आली या अफवेवर नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच माणसांना जमावानं ग्रामपंचायतीच्या खोलीत मारून टाकलं. त्याच महिन्यात व्हॉट्सअॅपनं भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल असं केलं. पाच काय नि पन्नास काय, पाठवणाऱ्याला थोडा वेळ जास्त लागतो इतकंच.

आजची क्लिप बिबट्याची. कालव्याच्या कडेनं बिबट्या चाललाय, मागून कुणीतरी ‘आपल्याच तालुक्यात’ म्हणून ओरडतोय. व्हिडिओ थांबवून थांबवून बघितला. कडेला उभ्या पिकअपची पाटी एमएच १५, म्हणजे नाशिक. तीन गावच्या पोलीस पाटलांना फोन केले, वनपालांना केला. कुणाला काही माहीत नाही. ‘हा व्हिडिओ आपल्याकडचा नाही’ असं टाकलं. तोवर दुसऱ्या एका चॅनेलवर ‘तालुक्यात बिबट्या?’ सुरूही झालं होतं. ते शेवटचं प्रश्नचिन्ह म्हणजे आमच्या धंद्यातला अटकपूर्व जामीन. संध्याकाळपर्यंत तो व्हिडिओ गावभर झाला, आणि माझा खुलासा माझ्या मेव्हण्यानं लाइक केला.

ग्रुपचा अॅडमिन सदस्याच्या पोस्टला आपोआप जबाबदार ठरत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं २०२१ मध्ये स्पष्ट केलंय. आमच्या ठाण्यात मात्र काही झालं की पहिला फोन अॅडमिनलाच येतो, ‘या जरा इकडं’.

८:००. या वेळेला मुंबईकडची एक गोष्ट आठवून हसू येतं. मार्च २०२५ मध्ये राज्य सरकारनं माध्यमांवर लक्ष ठेवायला केंद्र उभारायचा शासन निर्णय काढला. दहा कोटींची तरतूद, वेळ सकाळी ८ ते रात्री १०. बातम्यांची कात्रणं काढायची, सरकारच्या बाजूची कोणती, विरोधातली कोणती, दिशाभूल करणारी कोणती अशी वर्गवारी करायची, आणि लगेच खुलासा पाठवायचा. आमच्या तालुक्यात हे काम एक पोरगा बिनपैशात करतो. बिनपैशात म्हणजे सरकारच्या बिनपैशात. तो आमदारांचा मीडिया सांभाळतो. पोरगा हुशार. बातमी कशी लिहायची ते माझ्याजवळच शिकला. आता त्याच्याकडे ड्रोन आहे, दोन कॅमेरे आहेत आणि सकाळी आठच्या ठोक्याला प्रेसनोट, फोटो, रील असा संच आमच्या ग्रुपवर पडतो. खाली ‘कृपया प्रसिद्धीसाठी’.

पूर्वी पुढाऱ्याला आमची गरज होती. रेस्ट हाउसवर पत्रकार परिषद व्हायची, पोहे असायचे, आणि पोहे खाता खाता कुणीतरी अडचणीचा प्रश्न टाकायचा. उत्तर नाही दिलं तरी ‘उत्तर टाळले’ ही बातमी व्हायची. आता साहेब थेट फेसबुकवर लाइव्ह येतात. तिथं कॉमेंट येतात, हार्ट येतात, प्रश्न येत नाहीत. आला तर पोरगा उडवतो. लेखणीवर बंदी आली म्हणून आम्ही भाषणं ठोकतो, पण बंदी घालायची गरज कुणाला राहिलीय? प्रश्न विचारायची जागाच मोडीत निघालीय.

१०:३०. तहसील. महिन्यातला तिसरा सोमवार म्हणजे तालुक्याचा लोकशाही दिन. नाव भारी आहे. व्हरांड्यात अर्ज घेऊन बसलेली माणसं, हातात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले सात-बारा, पावत्या, जुन्या अर्जांच्या पोचा. तिथल्या एका बाईनं माझा बूम बघून हात केला. शेजारच्या गावची. ‘दादा, आमच्या टाकीचं काढा की काहीतरी. टाकी बांधून दोन उन्हाळे झाले, थेंब नाही पाण्याचा.’

टाकी जलजीवन मिशनची. कागदोपत्री योजना पूर्ण आहे, हे मला आधीच कळलं होतं. मोजमाप पुस्तिकेची प्रत आणि योजना ताब्यात घेतल्याचा दाखला मी माहिती अधिकारात मागितला होता. आज उत्तर मिळालं. ‘सदर कागदपत्रांत व्यक्तींची नावे व सह्या असल्याने माहिती देता येत नाही.’ खालच्या बाबूला विचारलं तर तो म्हणाला, ‘नवा कायदा आलाय ना भाऊ.’

खरंय. डिजिटल वैयक्तिक विदेच्या २०२३ च्या कायद्यानं माहिती अधिकाराच्या कलम ८ मधलं वैयक्तिक माहितीचं पोटकलम बदललं. पूर्वी त्यातच लिहिलेलं होतं, मोठं जनहित असेल तर ही माहितीही द्यावी. आता तिथं नुसती ‘वैयक्तिक माहिती’ उरली. जनहिताची वाट ८(२) मध्ये अजून शिल्लक आहे, पण ती बाबूला दाखवायची म्हणजे पहिलं अपील, दुसरं अपील, आणि आयोगाची तारीख. तोवर त्या बाईचा तिसरा उन्हाळा. दिल्लीत या बदलावर कितीतरी लिहून आलं. तालुक्याला त्याचा अर्थ एवढाच की सरकारी पैशातून बांधलेल्या टाकीवर सही करणारा माणूस आता खासगी झाला.

पाणीपुरवठ्याच्या शाखा अभियंत्याकडे गेलो. बूम दिसताच साहेबांनी हात जोडले. ‘ऑफ द रेकॉर्ड सगळं सांगतो, कॅमेऱ्यावर नको. जीआर माहितीये ना?’ तो २८ जुलै २०२५ चा. सरकारी कर्मचाऱ्यांनी समाजमाध्यमांवर सरकारच्या धोरणांवर टीका करायची नाही, असा. टाकीत पाणी का नाही, हे सांगणं म्हणजे धोरणावरची टीका कशी, हे मी विचारलं. साहेबांनी चहा मागवला.

दुपारी १:००. टाकीखाली उभा आहे. उंच, पांढरी, निळ्या पट्ट्याची टाकी, वर योजनेचं नाव सुबक अक्षरांत. रंग नवा कोरा. टाकीच्या पायाशी शेळ्या बसल्यात, कारण गावात सावली तेवढीच. वस्तीत प्रत्येक दारापुढं एकेक नळ. जमिनीतून वीतभर वर आलेला पाइप, त्याला सिमेंटचा छोटा कट्टा आणि तोटी. एका घरी त्या तोटीला म्हैस बांधलेली. मी एक तोटी फिरवली तर तिच्यातून मुंग्यांची रांग बाहेर आली. कॅमेऱ्यात ती चांगली दिसली. पाइप उकरून बघायला पोरं पुढं आली. हातभर खाली जायचा तो पाइप चार बोटं मातीखाली, आणि रस्त्याच्या कोपऱ्यावर येऊन संपलेला. मुख्य लाइनला जोडच नाही.

बाईट द्यायला बायका पुढं येतात, पुरुष मागं सरतात. ज्या बाईनं सकाळी हात केला होता तिनं पदर डोक्यावर घेतला, हंडा काखेत धरला आणि न अडखळता दोन मिनिटं बोलली. कंत्राटदार कुणाचा कोण लागतो तेही बोलली. मी मोबाइल खाली केला तशी म्हणाली, ‘नाव नका टाकू बरं का दादा. घरकुलाचा हप्ता राहिलाय माझा.’

चेहरा दाखवायचा, नाव नाही टाकायचं! गावात चेहऱ्यापेक्षा नावाला कोण विचारतो? तिला समजावलं आणि पाठमोरं शूट पुन्हा केलं. पाठमोऱ्या बाईटला बघणारे कमी मिळतात, हे मला माहीत आहे. अल्गोरिदमला चेहरा लागतो, आणि रडता असेल तर उत्तमच.

परतताना फाट्यावर चहा. तिथली पोरं अजून नेपाळचं काढतात. ‘सर, आपल्याकडं कधी व्हायचं तसं?’ सप्टेंबर २०२५ च्या ४ तारखेला तिथल्या सरकारनं नोंदणीच्या कारणावरून फेसबुक, यूट्यूब, व्हॉट्सअॅपसह २६ प्लॅटफॉर्म बंद केले. ८ तारखेला पोरं रस्त्यावर आली, गोळीबारात एका दिवसात १९ गेली. ९ तारखेला पंतप्रधान ओलींनी राजीनामा दिला. पुढचा पंतप्रधान कोण, याची चर्चा डिस्कॉर्डवर झाली आणि १२ तारखेला सुशीला कार्की शपथ घेऊन मोकळ्या झाल्या. पोरांना एवढं पाठ आहे. त्याच ९ तारखेच्या जाळपोळीत काठमांडूतल्या कांतिपूर या सर्वात मोठ्या वृत्तसमूहाची इमारतही जळाली, हे त्यांना माहीत नव्हतं. बोलण्याच्या हक्कासाठी उसळलेल्या गर्दीतूनच कुणीतरी वर्तमानपत्राला काडी लावली. मी सांगितलं तर एक म्हणाला, ‘पेपरवाले विकलेलेच असतात ओ.’ मग माझ्याकडे बघून, ‘तुमी सोडून.’

आपल्याकडं मोबाइलनं काय केलं ते सांगायला नेपाळला जायची गरज नाही. १ सप्टेंबर २०२३ ला अंतरवाली सराटीत मराठा आरक्षणाच्या आंदोलकांवर लाठीमार झाला. त्याचे व्हिडिओ राज्यभर फिरले आणि नकाशावर शोधावं लागेल असं एक गाव महाराष्ट्राच्या राजकारणाच्या मध्यभागी आलं. पुढं ऑक्टोबर संपता संपता बीडमध्ये जाळपोळ झाली, तेव्हा इंटरनेट बंद. त्या दिवसांत अफवा थांबल्या नाहीत, त्या तोंडी फिरल्या. खरी बातमी तेवढी थांबली, कारण ती पाठवायला नेट लागतं.

४:००. घरी येऊन मोबाइलवरच एडिटिंग. साडेचार मिनिटांचा व्हिडिओ. थंबनेलवर मुंग्यांची तोटी आणि अक्षरं: ‘टाकी आहे, पाणी कुठंय?’ बायको मागून बघत होती. म्हणाली, ‘खळबळ लिहा की, चालतं.’ तिचं चुकत नाही. दुचाकीच्या डिकीतून निघालेल्या सापाचा व्हिडिओ माझ्या चॅनेलचा घरखर्च किती महिने चालवत होता, ते तिला पाठ आहे.

५:३०. व्हिडिओ टाकून अर्धा तास झाला नाही तोच फोन सुरू. पहिला गोडीचा. ‘भाऊ, दिवाळीला जाहिरात देणारच होतो की तुम्हाला. फोन करायचा ना आधी.’ दुसरा एका वकिलाचा. अब्रुनुकसानी, पाच कोटी. आकडा नेहमी पाच कोटीच का असतो, कुणास ठाऊक. पूर्वी कलम ४९९, ५०० होतं, आता न्याय संहितेचं ३५६. तिसरा फोन खरा. कुणीतरी ओळखीचा हळूच सांगतो, ‘ते खंडणीची तक्रार द्यायचं बोलायलेत.’

या तिसऱ्याला मी घाबरतो, आणि घाबरायचं कारण आमच्याच जातभाईंनी तयार केलंय. बूम घेऊन बांधकामावर जायचं, शूट करायचं आणि मग ‘बसून मिटवू’ म्हणायचं, हे करणारे तालुक्या-तालुक्यात आहेत. त्यामुळं कुणावरही खंडणीचा आरोप चिकटतो. लोकांना तो लगेच पटतो. बदनामीच्या खटल्यात निदान बातमी खरी आहे हे तरी सांगता येतं. खंडणीत बातमीचा विषयच निघत नाही.

गप्प बसवायचा चौथा मार्ग कुणी फोन करून सांगत नाही. तो म्हणजे स्ट्राइक. व्हिडिओत कुणाच्या पेजवरचं दोन सेकंदांचं दृश्य सापडलं की कॉपीराइटची तक्रार. ९० दिवसांत तीन स्ट्राइक झाले की चॅनेल उडालं, सगळ्या जुन्या व्हिडिओंसकट. म्हणून टाकीच्या उद्घाटनाची आमदारांच्या पेजवरची फीत मी वापरली नाही. माझ्या जुन्या फोनमध्ये नारळ फोडतानाचा माझाच एक फोटो सापडला, तो घातला.

नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघरच्या दोन मुलींना एका फेसबुक पोस्टवरून अटक झाली होती. त्या प्रकरणातून उठलेल्या याचिकेवर २४ मार्च २०१५ ला सर्वोच्च न्यायालयानं माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६ अ कलमच रद्द केलं. केंद्राच्या फॅक्ट चेक युनिटचा नियमही मुंबई उच्च न्यायालयात सप्टेंबर २०२४ मध्ये पडला. मोठे किल्ले आपण जिंकलेत, हे कबूल. माझ्याकडं येणारं संकट मात्र त्या दारानं येतच नाही. ते वसुलीच्या, स्ट्राइकच्या आणि घरकुलाच्या हप्त्याच्या दारानं येतं.

७:००. दैनिकाला बातमी. डेस्कवरच्या काकांना चॅनेल वगैरे कळत नाही. त्यांनी कॉपी वाचून दोनच प्रश्न विचारले. ‘कंत्राटदाराची बाजू? कार्यकारी अभियंत्याचं म्हणणं?’ मी म्हटलं, बोलत नाहीत. ‘किती वाजता फोन केला, ते लिही. मेसेज टाक आणि त्याचा स्क्रीनशॉट ठेव.’ मग म्हणाले, पाइप चार बोटं खोल म्हणतोस, ते पट्टीनं मोजलंस का? मोजलं होतं. पट्टी धरलेला फोटो पाठवला.

यूट्यूब हे कधीच विचारत नाही. पेपर जाहिरातीसाठी वाकतो, हे मी रोज बघतो. उद्या ही बातमी चौथ्या पानावर, कंत्राटदाराच्या नावाशिवाय, ‘संबंधित कंत्राटदार’ म्हणून येईल, हेही धरून चालतो. पण पट्टी धरली का असं विचारणारा तो एक म्हातारा आहे, आणि खंडणीची तक्रार आलीच तर माझ्या हातात त्याच्या प्रश्नांमुळं जमलेलेच कागद असणार आहेत.

८:३०. ठाण्यात गुन्ह्यांची रोजची प्रेसनोट घ्यायला. ड्यूटीवरच्या जमादारांना कंत्राटदाराच्या तक्रारीचं विचारलं. ‘अजून नाय आली. आली तर कळवतो.’ मग ओळखपत्र मागितलं. दैनिकाचं दाखवलं. ‘हे ठेवा जवळ. चॅनेलचं कार्ड काय, ते कुणीबी छापतं.’ पत्रकारांवरचा हल्ला अजामीनपात्र करणारा कायदा महाराष्ट्रानं २०१७ मध्ये केला. चांगलाच आहे. त्याचा आधार घ्यायला आधी तुम्ही पत्रकार आहात हे ठाण्यात मान्य व्हावं लागतं. राजापूरचे शशिकांत वारिशे रीतसर दैनिकात लिहीत होते. रिफायनरीबद्दलची बातमी छापून आली त्याच दिवशी, ६ फेब्रुवारी २०२३ ला, गाडीखाली चिरडले गेले आणि दुसऱ्या दिवशी वारले. त्या आठवड्यात आम्ही तालुक्यात निवेदन दिलं होतं. तहसीलदारांनी ते उभ्या उभ्या घेतलं, फोटो काढला.

ठाण्यातून घरी मी हल्ली हमरस्त्यानंच जातो.

१०:१५. व्हिडिओ सापाएवढा नाही, पण चाललाय. पुण्या-मुंबईला कामाला गेलेल्या गावच्या पोरांनी उचलला. तालुक्यातले लोक शेअर करायला दबकतात, पिंपरी-चिंचवडला भाड्यानं राहणाऱ्याला कुणाची भीती? कॉमेंटमध्ये त्यांनी आमदारांना टॅग केलंय, शेकड्यानं. मतदान गावात असलेली ही पोरं निवडणुकीला गाड्या भरून आणावी लागतात, हे आमदारांनाही माहीत आहे.

सकाळी हात जोडणाऱ्या शाखा अभियंत्याचा मेसेज आला. ‘उद्या सकाळी ७ ला जोड देऊन टाकीत पाणी सोडत आहोत. शूटिंगसाठी यावे.’ मी येतो म्हणून कळवलं. कोपऱ्यावरचा जोड उघडा असतानाच बघायचा म्हणून सहालाच पोचेन, असंही लिहिलं. त्या बाईच्या घरी फोन करून सांगावा दिला. तेवढ्यात आमदारांचा मीडिया सांभाळणाऱ्या पोराचा फोन.

‘सर, उद्या टाकीवर तुम्ही पण आहात ना? साहेब साडेसातला येणारेत. जरा बाजूला उभे राहाल का, ड्रोनच्या फ्रेममध्ये बूम येतो.’